पाटकऱ्याची बोट

पहिल्या संध्याकाळी बोट काठाला बांधली, मी आत जाऊन चहा टाकला आणि खिडकीतून बघते तर अण्णा पायवाटेवर उकिडवे बसलेले, हातात घड्याळ. त्यांनी पाण्यात एक पान सोडलं, उठले आणि त्या पानाबरोबर पावलं मोजत चालायला लागले. पान इतकं सावकाश चाललं होतं की दर पावलाला त्यांना थांबावं लागत होतं. वीस पावलांना दोन मिनिटांच्या वर लागली. परत आले आणि म्हणाले, "अगं, हा पाट चालू आहे. आवर्तन सुटलंय याला." आवर्तन म्हणजे ठरल्या पाळीनं कालव्याला सोडलेलं पाणी.

मी ११ वर्षं मँचेस्टरला राहते, या कालव्यांच्या कडेनं किती चालले असेन त्याला गणती नाही, पण पाणी वाहतंय का थांबलंय असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथल्या बहुतेक कालव्यांचं पाणी थांबलेलंच असतं, लांबच लांब तळी एकापुढे एक ठेवल्यासारखी, आणि बोट एका तळ्यातून वरच्या तळ्यात चढवायला मधे लॉक. पण आम्ही निघालो होतो तो वेल्समधल्या लँगॉथ्लेन गावाचा कालवा. हा खरोखरच वाहतो, आणि ते अण्णांना पहिल्या दोन तासांत कळलं.

कळणारच. अण्णांनी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, आधी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारा, आणि शेवटी कालवा निरीक्षक. नीरा डावा कालवा, बारामतीच्या खालच्या अंगाचं सेक्शन. माझ्या लहानपणीचं त्यांचं चित्र म्हणजे कालव्याच्या भरावावरून येणारी सायकल, कॅरियरला छत्री, पिशवीत पाणी अर्जांचं बाड आणि शेजपाळीची, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी त्याची, यादी. रात्री-अपरात्री कुणीतरी दार वाजवायचं, साहेब चारी फुटली. अण्णा टॉर्च घेऊन निघायचे. त्यांचं सगळं आयुष्य पाण्याच्या कडेनं गेलं, पण पाण्यावरून कधी नाही. आपल्याकडं कालव्यात बोट कोण घालतंय? म्हणून आई-अण्णा इकडं यायचं ठरलं तेव्हा मी लंडन वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि एका आठवड्यासाठी नॅरोबोट बुक केली.

नॅरोबोट म्हणजे रुंदीला जेमतेम ७ फूट आणि लांबीला आमची ५८ फूट. आत एकापाठोपाठ एक सगळं. पुढं बसायची जागा, मग छोटं किचन, बाथरूम, झोपायच्या जागा, आणि सगळ्यात मागं उभं राहून चालवायची. आगगाडीचा डबा पाण्यात सोडल्यासारखं वाटतं. ७ फुटांचं कारण लॉक. अठराव्या शतकात इथली लॉकं अरुंद बांधली, पाणीही कमी लागतं आणि खर्चही, मग बोटी त्याच मापाच्या झाल्या. चालवायला लायसन लागत नाही. कंपनीचा माणूस अर्धा-पाऊण तास सगळं दाखवतो, स्टर्न ग्लँडला, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा आस बाहेर पडतो त्या जागेला, रोज ग्रीस द्यायचं, पाण्याची टाकी कुठं भरायची, आणि मग तो उतरून जातो आणि १५ टन लोखंड तुमच्या हातात. सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, पण खरं म्हणजे अडीच-तीननंच जायचं, कारण जास्त जोरात गेलं की मागं लाट उठते आणि काठ ढासळतो. हे समजावून सांगायची वेळच आली नाही. अण्णाच नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, कमी करा जरा, काठाची माती चाललीय बघा."

मे महिना होता. हॉथॉर्नची पांढरी फुलं कुंपणांवर इतकी की लांबून चुना सांडल्यासारखं दिसायचं, झाडांखाली ब्लूबेल, रानलसणाचा वास, दोन्हीकडं कोकरं. रेनबरीहून निघालो तेव्हा गावातलाच उचलायचा पूल लागला. नवऱ्यानं उतरून किल्ली फिरवली, लाल दिवे लागले, फाटक पडलं आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या. ट्रॅक्टर होता, स्कूल बस होती, एक माणूस गाडीतून हात करत होता. पूल वर गेला आणि आम्ही त्याच्याखालून पायी चालणाऱ्याच्या वेगानं गेलो. आई पुढं बसली होती, तिनं पदर सावरून सगळ्यांना नमस्कार केला.

रेनबरी ते लँगॉथ्लेन १२ लॉकं. लॉकचं काम मला आधी कटकटीचं वाटलं होतं, ते अण्णांचं सगळ्यात आवडतं निघालं. रिकाम्या हौदात बोट घ्यायची, मागची दारं लावायची, वरच्या बाजूचं पॅडल उचलायचं, म्हणजे दाराच्या आतली झडप. ती उचलायला हातात एक वाकडी चावी असते, विंडलास म्हणतात. पाणी आत येतं, बोट वर येते, पाणी सारखं झालं की दार आपोआप ढिलं होतं आणि लाकडी तुळईला पाठ लावून ढकललं की उघडतं. पहिल्याच लॉकला अण्णांनी विंडलास हातात घेतली आणि वजन पाहिलं, इकडून तिकडं फिरवून पाहिली. मग दांड्यावर बसवली आणि चार-पाच दातेच फिरवली. टक टक टक, कुत्रं, म्हणजे चाक मागं फिरू न देणारा खटका, दात्यात बसल्याचा आवाज आला आणि थांबले. मी म्हटलं, अण्णा, अजून उचला ना, तर म्हणाले, "पाणी एकदम सोडायचं नसतं. आधी वाट करून द्यायची, मग हळूहळू वाढवायचं."

नंतर मला सांगितलं, आवर्तन सुरू करतानासुद्धा कालवा टप्प्याटप्प्यानं भरतात आणि बंद करतानाही पातळी हळूच उतरवतात, नाहीतर भिजलेला भराव आतल्या बाजूला घसरतो. इथं घाई केली तर बोट हौदात आपटते. एकच शिस्त, दोन्ही ठिकाणी.

या कालव्याची एक खोड आहे. पाणी सतत वरून येतंय, मग लॉकच्या शेजारून एक नळा काढलेला असतो, त्यातून जादाचं पाणी खाली पडतं आणि नेमकं लॉकच्या तोंडाशी कालव्याला मिळतं. बोट आत घ्यायला जावं तर त्या धारेनं पुढचं टोक बाजूला फेकलं जातं. पहिल्या दोन लॉकांना आम्ही चांगलेच दगडी भिंतीवर आपटलो, ताटं पडली. तिसऱ्याला अण्णा पुढं जाऊन उभे राहिले, हात वर, आणि धार कुठं लागतेय ते बघून हातानं इशारा करत राहिले. बोट वरच्या अंगाला धरून घेतली, धारेनं तिला ढकललं आणि ती बरोबर मधे आली. सावकाश, भिंतीला न लागता.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉकं आहेत, त्यातली वरची तीन जिन्यासारखी, एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं. तिथं लॉककीपर असतो, कारण कुठल्या हौदात किती पाणी हवं हे चुकलं तर एक हौद कोरडा पडतो आणि दुसरा उतू जातो. त्याला आणि अण्णांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णा बोटानं पातळी दाखवत होते, तो मान हलवत होता, मग त्यानं स्वतःची जागा सोडून एका पॅडलशी अण्णांना उभं केलं. अर्ध्या तासानं वर पोचलो तेव्हा दोघं नुसते हात बांधून शेजारी उभे राहून पाणी बघत होते.

व्हिटचर्च सोडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला, धूर यायला लागला, बोट पुढंच सरकेना. पंख्यात काहीतरी अडकलं होतं. इंजिन बंद करून मागची फळी काढायची, खाली एक झाकण असतं, ते उघडलं की पंख्यापर्यंत हात जातो. पाणी बर्फासारखं. नवऱ्यानं वीस मिनिटं प्रयत्न केला, हात बधिर झाले. मग अण्णांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवली, पालथे झोपले आणि डोळे मिटून चाचपडत राहिले. प्लास्टिकचं खताचं पोतं आणि त्याला नायलॉनची दोरी, तिचे सात-आठ वेढे. ब्रेडच्या सुरीनं एकेक कापून काढले. कालव्याच्या मोरीत अडकलेला पाला आणि मेलेली जनावरं त्यांनी आयुष्यभर अशीच काढली होती. आईनं त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली आणि काही न बोलता ओट्यावर आल्याचा चहा ठेवला.

आईबद्दल सांगायला हवं. तिचे गुडघे दुखतात, लॉकवर उतरणं तिला जमायचं नाही, पण बोटीवर ती लगेच रुळली. त्या दीड हात ओट्यावर तिनं पोहे केले, पिठलं केलं, थालीपीठं थापली. निघायच्या आधी मी दोघांना एलस्मियर पोर्टच्या कालव्यांच्या म्युझियममधे नेलं होतं. तिथं जुन्या मालवाहू बोटींची केबिन बघायला मिळते. ७० फुटांच्या बोटीत बाकी सगळी जागा कोळशाला, आणि मागं कसंबसं १० फूट बाय ७ फूट घर. त्यात शेगडी, कपाटाची फळी पाडली की टेबल, दुसरी पाडली की पलंग, भिंतीला जाळीच्या काठाच्या बशा, दारावर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. नवरा-बायको आणि पोरं, सगळे त्यातच. रेल्वे आल्यावर माल वाहतुकीचे दर पडले, वेगळा नोकर परवडेना, म्हणून बायका-पोरं बोटीवर आली आणि बिनपगारी कामाला लागली. आई बराच वेळ त्या दाराशी उभी होती. मग म्हणाली, "आणि शाळा?"

ती झेडपीच्या शाळेत बाई होती. कारखान्याचा सीझन सुरू झाला की बीड-नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या आमच्याकडं यायच्या, पाचटाच्या खोप्या पडायच्या आणि आई संध्याकाळी खोप्यांवर जाऊन पोरं गोळा करायची. चार महिने ती पोरं वर्गात बसायची, मग बैलगाड्या हलल्या की गेली. कोणाची बाराखडी व्हायची, कोणाची नाही. मी तिला सांगितलं की इथं १८७७ आणि १८८४ साली बोटींवरच्या मुलांसाठी कायदे झाले, बोटींची नोंद, किती माणसं राहावीत, मुलांनी शाळेत जावं, पण बोट आज इथं उद्या तिथं, शाळा होणार कशी? पिढ्या न् पिढ्या निरक्षर राहिल्या. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, माल ट्रकवर गेला तो परत आलाच नाही, आणि ते जगणं जवळजवळ संपलं. आता त्या रंगवलेल्या गुलाबांच्या किटल्या शोभेच्या वस्तू म्हणून विकत मिळतात. आईनं घेतली नाही.

एलस्मियरच्या जवळ कालवा तळ्यांच्या काठानं जातो. हिमयुगात बर्फ वितळून झालेली ही तळी, मिअर म्हणतात, आणि ब्लेक मिअरला तर कालवा आणि तळं यांच्यात फक्त पायवाट आणि झाडांची एक रांग. तिथं आम्ही मुक्काम केला आणि सकाळी सगळे झोपलेले असताना मी आणि अण्णा शेतांमधून चालायला गेलो. इथं कुणाच्याही शेतातून जाणारी पायवाट असू शकते. पिवळा बाण असतो, जनावरं बाहेर येऊ नयेत असं झुलतं फाटक असतं, आणि वाट सरळ मालकाच्या गव्हातून जाते. अण्णांना ते पटेना. "मालक काही म्हणत नाही?" मी म्हटलं, म्हणू शकत नाही, कायद्यानं हक्काची वाट आहे, नकाशात नोंद असते. "म्हणजे वहिवाट," ते म्हणाले, आणि मग चालता चालता त्यांनी आमच्याकडच्या पाणंदी मोजल्या, कुठली कुणी नांगरून टाकली, कुठल्या शिवरस्त्यावर कुणाची विहीर आली. इथंही हे फुकट मिळालं नाही. माझ्या घरापासून तासाभरावर किंडर स्काउटचं पठार आहे, तिथं १९३२च्या एप्रिलमधे गिरणी-कारखान्यातले शेकडो तरुण जमीनदारांचा मज्जाव मोडून चढले होते, काही जण तुरुंगात गेले. वाटांची नोंद करायचा कायदा १९४९ला झाला. अण्णांनी त्या फाटकाची कडी नीट लावली, दोनदा हलवून बघितली.

चौथ्या दिवशी चर्क आलं. इथं कालवा इंग्लंडमधून वेल्समधे जातो, तोही केरिओग नदीवरून ७० फूट उंच जलसेतूवर, १८०१चा. शेजारीच त्याच्याहून उंच रेल्वेचा पूल. आम्ही पाण्यावरून चाललोय, वरून गाडी धडधडत गेली, खाली मेंढ्या. पूल संपतो तिथं लगेच बोगद्याचं तोंड, सव्वाचारशे मीटर अंधार, एका वेळी एकच बोट. समोरून प्रवाह जाणवतो कारण पाण्याला जायला जागाच कमी आहे. इंजिन तेच, पण बोट नुसती रांगत होती.

आणि मग पॉन्टकसल्टे.

फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. तरी तिथं पोचल्यावर मी बोलायची थांबले. डी नदीच्या खोऱ्यावरून ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच ओतीव लोखंडाची पन्हळ, १८ दगडी खांब, त्यांच्यावर कमानी. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड या इंजिनियरांनी १७९५ला काम सुरू केलं, १८०५च्या नोव्हेंबरमधे उघडलं. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची कड पाण्याच्या जेमतेम वर, तिच्यापलीकडं थेट हवा. बोटीतून त्या बाजूला बघितलं की वाटतं आपण झाडांच्या शेंड्यांवरून तरंगतोय, खाली नदी दगडांवरून पांढरी होऊन चाललीय, फुटबॉलचं मैदान पोस्टाच्या तिकिटाएवढं. आईनं डोळे मिटून रामरक्षा म्हणायला घेतली ती दुसऱ्या टोकालाच थांबली.

अण्णा उतरून पायवाटेनं चालत निघाले होते, बोटीच्या बरोबरीनं. मधेच वाकून त्यांनी पायवाटेखाली बघितलं आणि मला ओरडून सांगितलं, "खाली पाणी आहे इथं!" पन्हळ जवळपास १२ फूट रुंद आहे, आणि पायवाट तिच्या काठावर नाही तर पाण्याच्या वर खांबांवर बसवलीय. बोट पुढं जाताना समोरचं पाणी कुठंतरी जायला हवं, ते पायवाटेखालून मागं सरकतं. पन्हळ बोटीच्याच मापाची केली असती तर पिचकारीत दट्ट्या घालावा तसं झालं असतं. मग त्यांनी सांध्यांवर बोट फिरवलं. सांगतात की हे सांधे उकळत्या साखरेत बुडवलेल्या फ्लॅनेलच्या कापडानं भरले आणि वरून शिसं लावलं, आणि खांबांच्या चुन्यात बैलाचं रक्त घातलं. अण्णांच्या सेक्शनलाही एका ओढ्यावर दगडी जलसेतू होता, दर वर्षी गळायचा. गोणपाट, काळी माती आणि शेण तुडवून त्यांनी तो कित्येक आवर्तनं निभावला. कालव्याचा तळही इथं तसाच केलाय, चिकणमाती पाण्यात मळून, तुडवून तुडवून, ती एकदा बसली आणि ओली राहिली की पाणी सोडत नाही. पन्हळीच्या तळाला एक बूच आहे, दुरुस्तीच्या वेळी दोन्ही टोकं बंद करून ते काढतात आणि सगळं पाणी खाली डी नदीत पडतं. हे सांगितल्यावर अण्णा मधोमध थांबले आणि बराच वेळ खाली बघत राहिले. मागून दुसरी बोट आली तेव्हा हलले.

लँगॉथ्लेनला शिरताना कालवा डोंगराच्या कुशीत इतका अरुंद होतो की दोन बोटी बसतच नाहीत. एकानं पुढं चालत जायचं, समोरून कोणी येत नाहीये ना बघायचं आणि मग फोन करायचा. ते काम अर्थातच अण्णांचं. पुढं बघणीला पाटकरी, मागं बोट.

तिथं दोन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी गाडी. स्टेशन नदीला लागूनच, १८६०च्या दशकातली लाइन, रुआबनहून समुद्राकडं जायची. १९६५ला प्रवासी गाड्या बंद झाल्या, नंतर रूळही उखडले. १९७५ला काही हौशी लोकांनी स्टेशन ताब्यात घेतलं आणि एकेक मैल रूळ टाकत टाकत पश्चिमेला निघाले. कॉर्वेनपर्यंतचे १० मैल पुरे व्हायला २०१४ उजाडलं, आणि तिथलं नवं स्टेशन २०२३ला उघडलं. म्हणजे ज्यांनी पहिला स्लीपर टाकला त्यातले कित्येक जण शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचलेच नसणार. तिकीट देणारी बाई, गार्ड, सिग्नलवाला, पाणी भरणारा पोरगा, जवळजवळ सगळे स्वयंसेवक. आमचा गार्ड आयुष्यभर बँकेत होता असं त्यानं सांगितलं, आता आठवड्यातून दोन दिवस शिट्टी वाजवतो. बटणं चकचकीत, झेंडा नीट गुंडाळलेला.

इंजिनानं पहिली वाफ सोडली आणि अण्णांनी खिडकीच्या लाकडावर हात ठेवला. दौंड-बारामती लाइन त्यांच्या लहानपणी नॅरोगेज होती, कोळशाचं इंजिन. आजोबांबरोबर दौंडला जायचे तेव्हा डोळ्यांत कोळसा जाऊ नये म्हणून आजी त्यांना उपरण्याचं टोक द्यायची. ती गाडी गेली, ब्रॉडगेज आलं, ते गरजेचंही होतं, पण तो आवाज अण्णांनी साठ वर्षांनी वेल्समधे ऐकला. बर्विनचा बोगदा लागला तेव्हा काच बंद करा असं आई दोनदा म्हणाली. त्यांनी केली नाही. पलीकडं उजेडात आलो तर चेहऱ्यावर बारीक काळे ठिपके आणि ओठ घट्ट मिटलेले. मी काही विचारलं नाही.

कालवे आणि अशा गाड्या इथं एकत्र बघितल्या जातात त्याला कारण आहे. टॉम रोल्ट नावाचा इंजिनियर होता, बायकोबरोबर नॅरोबोटीवर राहायचा. १९४४ला त्यानं त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, ते वाचून लोक जागे झाले आणि १९४६ला कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. त्याच माणसानं पुढं १९५१ला वेल्समधली टालिथ्लिनची छोटी रेल्वे बंद पडण्यापासून वाचवायला पुढाकार घेतला. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ती पहिली रेल्वे. मला हे फार मोठं वाटतं. सरकारी कागदावर निकालात निघालेल्या दोन गोष्टी, आणि शनिवार-रविवारी फावडी घेऊन येणारी माणसं. आपल्याकडं नेरळ-माथेरानची गाडी १९०७पासून आहे, पावसात दरड कोसळली, रूळ वाहून गेले, तरी माणसं ती पुन्हा उभी करतात. तेव्हा हे आपल्याला परकं नाही. आपण फक्त असं फावडं घेऊन जायची पद्धत पाडलेली नाही, आणि ती पाडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा दिनास ब्रानवर चढलो, गावाच्या डोक्यावरचा तेराव्या शतकातला पडका किल्ला. चढ आपल्या एखाद्या छोट्या गडाएवढा, वर नुसत्या कमानी आणि वारा. खाली कालवा दोऱ्यासारखा दिसतो, नदीहून वर, डोंगराची एकच पातळी धरून चाललेला.

दुपारी चौघं गाडीनं बर्विनपर्यंत गेलो. तिथं नदीवरचा साखळीचा पूल ओलांडून थोडं वर चाललं की कालव्याचं मूळ लागतं. या शेवटच्या दोन मैलांत इंजिनाच्या बोटी जात नाहीत, पात्र फार अरुंद आणि उथळ, फक्त घोडा ओढतो ती प्रवासी बोट जाते आणि ती १८८४पासून चालू आहे. आम्हाला वाटेत भेटली. घोड्याच्या टापा आणि दोरीवरून ठिबकणारं पाणी, बाकी आवाज नाही. आणि मग हॉर्सशू फॉल्स. नाव धबधब्याचं असलं तरी तो बंधारा आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, १४० मीटर लांब, टेलफर्डनं १८०८ला पुरा केला. अख्खी डी नदी त्याच्यावरून एका सारख्या पातळ पडद्यासारखी घसरत होती.

काठाला पाणी मोजायचं छोटं घर आहे. अण्णा तिथं गेले आणि थांबले. "गेज," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं. १९४४ला कायदा करून हा कालवा बोटींसाठी बंद केला होता. त्याच वेळचे कितीतरी कालवे बुजले, वर रस्ते आले. हा बुजवला नाही, कारण याच्यातलं पाणी खाली हर्लस्टनच्या जलाशयात जातं आणि तिथून चेशरमधे लोक ते पितात. दिवसाला साधारण १ कोटी २० लाख गॅलन. पाणी चालू ठेवायचं म्हणून काठ राखले, काठ राहिले म्हणून पुढं बोटी परत आल्या, आणि २००९ला चर्कच्या अलीकडून इथपर्यंतचा ११ मैलांचा भाग जागतिक वारसा झाला. अण्णांनी खिशातली डायरी काढली. उभ्या उभ्या गुणाकार केला, भागाकार केला. "बावीस क्युसेक," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी वीस-पंचवीस म्हणत होतो. आपल्या मानानं चारीएवढं पाणी. पण बंद नाही पडू दिलं."

मग बंधाऱ्याच्या काठाला बसले, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. आई शेजारी बसली, तिला पाण्यात पाय नको होते, तिनं त्यांचे मोजे धरून ठेवले.

परतीचा प्रवास प्रवाहाबरोबर. तीच बोट, तेच इंजिन, पण अरुंद भागातून अशी सुटली की नवऱ्याला दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला. लॉकवर आता अण्णांना कोणी काही विचारायचं नाही, ते आधी चालत जाऊन तयार करून ठेवायचे. एका लॉकवर कोवळा स्वयंसेवक होता, पहिलाच सीझन असावा, त्याला त्यांनी हातानं दाखवलं, आधी थोडं, मग थांब, मग थोडं. पोरगा थांबला.

शेवटच्या सकाळी बोट परत द्यायची होती, सामान भरताना टेबलावर डायरी उघडी राहिली होती. नोकरीत असल्यापासून ते रोज लिहितात, रिटायर झाल्यावरही सोडलेलं नाही, मी एरवी वाचत नाही. त्या दिवशीचं पान असं होतं:

"शनिवार. स. ६.५०. पातळी कालच्याइतकीच. काठ ठीक. गळती नाही. डाव्या अंगाला एक उंबरासारखं झाड कललेलं, कळवावं. हिचे गुडघे बरे. पाणी चालू."